जिल्ह्याची अर्थरचना मोजताना या चुका टाळा

एखादा जिल्हा कोणत्या उद्योगावर किती विसंबून आहे, हे पाहण्यासाठी बहुतेक अभ्यासक लोकेशन कोशंट काढतात, म्हणजे त्या उद्योगातील कामगारांच्या जिल्ह्यातील प्रमाणाला राज्यातील प्रमाणाने भागतात. जिल्ह्यातील २० टक्के कामगार वस्त्रोद्योगात असतील आणि राज्यात तेच प्रमाण ५ टक्के असेल, तर उत्तर ४ येते. हिशेब सोपा आहे. चूक होते ती भागाकाराच्या आधीच.

ठाण्याच्या बाबतीत सर्वांत महागात पडते ती हद्दीची चूक. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, म्हणून २०११ च्या जनगणनेतील ‘ठाणे’ या आकड्यांत वसई आणि तारापूरचा औद्योगिक पट्टाही आहे. ते आकडे नंतरच्या आकड्यांशेजारी तसेच मांडले, तर एकही कारखाना बंद न पडता उद्योग घटल्याचे दिसते. अशा वेळी तालुकावार आकडे घेऊन जुना जिल्हा आजच्या हद्दीत पुन्हा बांधावा. नवी मुंबईतही हीच दक्षता हवी, कारण ऐरोली ते बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर आणि पनवेल रायगडमध्ये.

दुसरी चूक सहज लक्षात येत नाही. जनगणना कामगाराला त्याच्या घरी मोजते, आर्थिक गणना मात्र कामाच्या जागी. डोंबिवलीहून रोज सकाळी लोकलने मुंबईतल्या बँकेत जाणारी व्यक्ती पहिल्या मोजणीत ठाण्याची, तर दुसरीत मुंबईची ठरते. कार्यालये मोजकी असूनही वित्तीय सेवांचा आकडा फुगलेला दिसला, तर अंश एका स्रोतातून आणि छेद दुसऱ्यातून आला आहे का, हे आधी तपासावे.

भिवंडीविषयी मला विशेष तळमळीने सांगावेसे वाटते. उद्योगांची वार्षिक पाहणी मुख्यतः नोंदणीकृत कारखान्यांपुरती असते. चार-पाच माणसांवर चालणारी यंत्रमागाची शेड आणि घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाया तिच्यात सहसा येत नाहीत. केवळ त्या पाहणीवरून यंत्रमागांच्या या शहराची अर्थरचना ठरवणे म्हणजे तिथल्या कष्टकऱ्यांना हिशेबातून वगळणे होय. असंघटित उद्योगांची आकडेवारी सोबत घेतलीच पाहिजे.

आकडे उद्योगांच्या कोणत्या वर्गीकरणानुसार आहेत, त्याची आवृत्तीही पाहावी: २००८ च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात प्रकाशन व्यवसाय वस्तुनिर्माणातून माहिती व संप्रेषण विभागात गेला. मुरबाडसारख्या ग्रामीण तालुक्यात एखाद्या छोट्या क्षेत्राचा लोकेशन कोशंट फार मोठा आला, तर त्याच्याशेजारी कामगारांची मूळ संख्या छापावी, कारण मोजक्याच कामगारांमुळेही तो तसा येऊ शकतो.