नायट्रोजनचा बाटला आणि बंद खोली

बी.एस्सी.ला बॉइलच्या नियमाची (दाब जितक्या पटीने उतरतो, तितक्या पटीने वायू पसरतो) गणितं मी झोपेतसुद्धा सोडवली असती. पण मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागलो, तेव्हा तेच गणित आपण बसतो त्या खोलीला लावायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही. वडोदऱ्यात दरवर्षी कितीतरी मुलं अशा लॅबमध्ये लागतात, त्यांच्यासाठी लिहितोय.

उत्तरायणाच्या आदल्या दिवशीची सकाळ. थंडी म्हणून दार लावलेलं. जीसीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, गॅस क्रोमॅटोग्राफ) मागे उभ्या केलेल्या नायट्रोजनच्या बाटल्याची, म्हणजे सिलिंडरची, नळी रेग्युलेटरपाशी (दाब कमी करणारी झडप) निसटली होती. पंपाच्या आवाजात फुसफुस ऐकूच आली नाही. मी दाराजवळच्या टेबलावर रजिस्टर भरत होतो. अक्षर वाकडं येतंय हे दिसत होतं, पण त्याचं काही वाटत नव्हतं. मग गुडघे सैल पडले. हेल्पर काकांनी दार उघडलं आणि उंबऱ्यावरूनच दंडाला धरून मला बाहेर ओढलं.

मला धाप लागली नव्हती. हे पुन्हा वाचा. जीव गुदमरतोय असं वाटतं ते मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. नायट्रोजनमध्ये तुमचा श्वास चालूच राहतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, म्हणून छाती कसलीच तक्रार करत नाही. वास नाही, रंग नाही. निव्वळ नायट्रोजनचे दोन-चार श्वास माणसाला आडवं करतात.

आता गणित. बाटला ४७ लिटरचा, दाब १५० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण १५० पट. बाहेर आल्यावर तोच वायू सुमारे ७ घनमीटर होतो. आमची खोली ३ बाय ३, उंची अडीच मीटर, म्हणजे २२.५ घनमीटर. अख्खा बाटला रिकामा झाला तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १५ च्या आसपास येतो, आणि गळतीजवळ त्याहून कमी. १९.५ च्या खाली आला की ती हवा धोक्याचीच समजतात.

आत कुणी पडलेलं दिसलं तर धावत आत जाऊ नका. वाचवायला गेलेला दुसराही तिथेच पडतो. आधी आरडाओरडा करा, दारं उघडा. स्वतःची हवा पुरवणारं श्वसनाचं साधन असलेल्यालाच आत जाऊ द्या.

गळती साबणाच्या पाण्याने बघायची. कान लावून बघणाऱ्या सीनियरचं मी तरी ऐकत नाही, त्याची वीस वर्षं झाली असली तरी. बाटल्याच्या जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळणं हाही तसलाच शॉर्टकट. तो जोड धातूवर धातू बसून बंद होतो. आणि ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात अजिबात नको, पेट घेतो.

घाबरून नोकरी सोडू नका. साखळीने बांधलेला, हलवताना टोपी घातलेला बाटला वर्षानुवर्षं काही करत नाही. मी रोज हाताळतो. फक्त पहिल्याच दिवशी मोजायची टेप घेऊन खोली मोजा आणि विचारा: बाटला बाहेर ठेवून नळी आत आणता येईल का? आमच्याकडे आता बाटले मागच्या अंगणात जाळीत असतात, आणि आत ऑक्सिजन मोजणारं यंत्र नाकाच्या उंचीवर लावलंय.