बोरूच्या काडीवरचा दामो, शाईने कसा काढायचा

बोधिधर्म काढायचा म्हटलं की सगळे आधी डोळे बटाट्याएवढे काढतात आणि तिथेच दमतात, खरी मजा पायाखाली आहे. गोष्ट अशी, दक्षिण भारतातून गेलेला हा भिक्षू, चिनी लोक त्याला दामो म्हणतात, चीनच्या लिआंग घराण्यातल्या वू सम्राटाला (गादीवर ५०२ ते ५४९) भेटला, सम्राट म्हणाला एवढे विहार बांधले, मला पुण्य किती? हा म्हणाला, काहीच नाही. मग तिथे कोण ठेवून घेणार! तर पठ्ठ्या बोरूच्या एका काडीवर उभा राहून यांगत्से नदी पार करून उत्तरेला गेला आणि पुढे शाओलिनच्या मठात नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला. काडीचा भाग मागाहून जोडलेला आहे, पण चित्रकारांनी तोच उचलला.

कागद बिनखळीचा हवा, म्हणजे शाई पसरते. शुआन नावाचा चिनी कागद मिळाला तर उत्तम. पण आपल्याकडे पावसात कागद पापडासारखा सादळतो आणि शाई हवी त्याच्या दुप्पट फुटते, म्हणून कागद डब्यात तांदळावर ठेवा आणि ब्रश आधी जुन्या पेपरवर टेकवून थोडा कोरडा करा. शाईची कांडी दगडावर थेंबभर पाणी घालून सावकाश घासायची, ती काजळी आणि सरसाची असते, उरलेली शाई दुसऱ्या दिवशी वास मारते, तेव्हा रोज ताजी. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक नकोच, ब्रशचा खराटा होतो.

आधी तोंड, बारीक ब्रशने, भुवया नाक दाढी. मग झगा, मोठा ब्रश, फिकट शाई, पाच-सहा फटकारे आणि हात आवरा. चीनच्या सुंग काळातला 'लिआंग काय' नावाचा चित्रकार बघा, त्याने काढलेलं ली बाय या कवीचं चित्र तोक्यो नॅशनल म्युझियममध्ये आहे, अख्खा झगा जेमतेम काही रेघांत संपलाय. झगा आणि दाढी एकाच दिशेला उडाली पाहिजे हं, मी पहिल्यांदा उलटसुलट उडवली होती. नंतर खाडीवर जाऊन तरीत उभ्या माणसाची लुंगी कशी फडफडते ते तासभर बघत बसलो, तेव्हा कुठे जमलं.

आता काडी. माझी पहिली एवढी जाड झाली की आजी म्हणाली, "ह्यो बुवो फळयेर कित्याक उभो रवलो रे?" बरोबरच होतं तिचं. काडी एकाच झटक्यात, गडद शाई, ब्रश उभा धरून, मध्ये एखादं पेर दिसेल एवढंच थांबायचं, टोकाला दोन पानं. खाडीच्या कडेला देवनळ उगवतो तो तोडून समोर ठेवा. पाणी काढू नका! काडीखाली एखादी फिकट रेघ ठीक, बाकी कोरा कागद म्हणजेच नदी, लाटा काढल्यात की होडीचं कॅलेंडर होतं.

शेवटी चिनी अक्षरं. यी वेई दू ज्यांग, म्हणजे एक, बोरू, ओलांडणे, नदी, वरून खाली लिहायची. पहिलं अक्षर नुसती एक आडवी रेघ, आणि सगळ्यात जास्त कागद तिच्यावरच फुकट जातात, दोन्ही टोकांना दाब आणि मध्ये हलकं. नेटवरून बघून चित्रासारखी गिरवू नका, आडवी रेघ आधी, उभी नंतर हा क्रम पाळा, नाहीतर सरळ देवनागरीत बोरूनेच लिहा, मला तर तेच आवडतं. अक्षरांखाली लाल शिक्का, खोडरबर कोरून चालतो, फक्त तुमचं अक्षर उलटं कोरा, माझा पहिला "म" आरशातला आलाय.