शिकाऊ हवाई वाहतूक नियंत्रकासाठी विमान उडवताना

घरच्या संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर चालवणाऱ्या हौशी वैमानिकाच्या छंदाचा इतर कोणाला उपयोग होण्याची शक्यता तशी कमीच असते. व्हॅटसिम आणि आयव्हाओ या आभासी हवाई वाहतुकीच्या जाळ्यांवर मात्र ती संधी मिळते. आयव्हाओ 1998 मध्ये आणि व्हॅटसिम 2001 मध्ये सुरू झाले. तेथे विमाने उडवणारे आणि त्यांचे नियंत्रण करणारे असे दोघेही स्वयंसेवकच असतात. नियंत्रकाला टॉवर (धावपट्टी), मग अप्रोच (विमानतळाजवळचे आकाश), मग एरिया (त्यापलीकडचे आकाश) अशी एकेक पायरी चढावी लागते आणि प्रत्येक पायरीवर मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली सराव करावा लागतो. आकाशात विमानेच नसतील तर हा सराव होणार कसा? प्रयागराज येथील नागरी विमान वाहतूक प्रशिक्षण महाविद्यालयासारख्या खऱ्या प्रशिक्षण संस्थांतही सिम्युलेटरच्या सरावात वैमानिकाची भूमिका करणारी माणसे लागतात. ती जागा येथे आपल्याला भरायची असते.

तयारी फार नाही. तेरा वर्षांवरील कोणालाही व्हॅटसिमचे सदस्य होता येते, मात्र नव्या सदस्याला एक छोटी परीक्षा द्यावी लागते. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर असेल तर व्ही-पायलट आणि एक्स-प्लेन असेल तर एक्स-पायलट ही जोडणीची प्रणाली विनामूल्य मिळते. हेडसेट साधा चालेल, पण बोलण्यासाठी दाबायचे बटण हाताशी असावे, कारण उघडा राहिलेला माइक संपूर्ण फ्रिक्वेन्सी अडवतो. भारतातील विमानतळांचे नकाशे भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपीत, म्हणजे अधिकृत वैमानिकी माहितीपुस्तिकेत, आंतरजालावर पाहायला मिळतात. त्यांतले टॅक्सीमार्ग आदल्या रात्री एकदा डोळ्यांखालून घालावेत.

कोकणात राहणाऱ्याने तयारीत आणखी एक गोष्ट धरावी, ती म्हणजे वीज. जून ते सप्टेंबर या काळात ती कधी जाईल याचा भरवसा नसतो आणि इन्व्हर्टर संगणकाला जोडलेला असला तरी राउटर त्यावर आहे की नाही हे पुष्कळदा दिवे गेल्यावरच कळते. परीक्षेच्या आधीचा शेवटचा सराव असेल आणि बाहेर गडगडत असेल, तर आपण मध्येच नाहीसे होऊ शकतो हे मार्गदर्शकाला आधीच कळवावे. रडारवरून अचानक पुसले गेलेले विमान शिकाऊ नियंत्रकाला उगाच घाबरवते.

पावसाळ्याचा दुसरा परिणाम हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या आल्टिमीटरवर होतो. सिम्युलेटरमध्ये प्रत्यक्ष हवामान चालू ठेवावे, म्हणजे नियंत्रकासमोर असलेला वारा आणि दाब यांच्याशी आपला मेळ बसतो. प्रमाण दाब 1013 हेक्टोपास्कल धरला जातो, पण जुलैत आपल्या किनाऱ्यावर तो 1003 च्या आसपास उतरलेला असू शकतो. एका हेक्टोपास्कलमागे सुमारे 27 ते 30 फुटांचा फरक पडतो, म्हणून नियंत्रकाने दिलेला दाब न लावता 1013 वरच राहिलेला वैमानिक आपण 3,000 फुटांवर आहोत असे समजून प्रत्यक्षात सुमारे तीनशे फूट खालून उडत असतो. मग तुमची चूक शिकाऊ नियंत्रकाच्या रडारवर त्याचीच चूक असल्यासारखी दिसते.

आता मुख्य भागाकडे येऊ. या कामात चांगले उडवता येण्यापेक्षा सामान्य वैमानिकासारखे वागता येणे महत्त्वाचे असते. जो वैमानिक शिकाऊ नियंत्रकाला सारखा सावरून घेतो तो त्याचा सराव बिघडवतो, आणि हे मी स्वतः बिघडवून शिकलो. पहिल्याच सत्रात धावपट्टी चार मैलांवर असताना मला उतरण्याची परवानगी मिळालेली नव्हती. मुलगा विसरला असे वाटून मी अत्यंत सौजन्याने विचारणा केली. लगेच मार्गदर्शकाचा खासगी संदेश आला की त्याच्या लक्षात येते का, हेच ते पाहत होते. त्यानंतर मी प्रत्येक सत्राआधी एक प्रश्न विचारतो: परवानगी आली नाही तर किती अंतरापर्यंत गप्प राहायचे? बहुतेक मार्गदर्शक दोन मैलांच्या आतले उत्तर देतात. त्या अंतरावर खराही वैमानिक एकदा विचारतो आणि तरीही उत्तर आले नाही तर गो-अराउंड करतो, म्हणजे न उतरता पुन्हा वर जातो. आपणही तसेच करावे.

याचा अर्थ सांगितलेले सगळे मुकाट्याने ऐकावे असा मात्र नाही. गोव्यातल्या मोपा विमानतळाकडे येताना शिकाऊ नियंत्रकाने कमी उंचीवर पूर्वेला, म्हणजे सह्याद्रीच्या दिशेने वळवले आणि समोर घाट दिसू लागला, तर खरा वैमानिक "अनेबल, टेरेन" (जमणार नाही, समोर उंच भूभाग आहे) एवढे सांगून नकार देईल. तो नकार तुम्हीही द्यावा, कारण धोक्याची सूचना वैमानिकाकडून परत येते हे नियंत्रकाला अनुभवायला मिळाले पाहिजे. मात्र नकारापुढे त्याने काय करावे हे सांगत बसू नये.

रीडबॅक, म्हणजे मिळालेली सूचना परत म्हणून दाखवणे, हा सरावाचा कणा आहे. मार्गाची परवानगी, धावपट्टीवर जाण्याची, ती ओलांडण्याची किंवा तिच्याअलीकडे थांबण्याची सूचना, वापरातील धावपट्टी, स्क्वॉक (रडारवर विमान ओळखण्याचा चार आकडी संकेत), दाब, उंची, हेडिंग (उडण्याची दिशा) आणि वेग हे सर्व जसेच्या तसे परत म्हणायचे असते. येथे नुसते "रॉजर" चालत नाही. कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचे विमानाचे नाव, आधी नियंत्रकाने आखूड केल्याशिवाय आपण करू नये. "टेक-ऑफ" हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना, ती परत म्हणताना किंवा रद्द करतानाच वापरावा, एरवी "डिपार्चर" म्हणावे. 27 मार्च 1977 रोजी तेनेरिफ येथे धावपट्टीवर दोन जम्बो विमाने धडकून 583 माणसे गेली. त्या अपघातात या शब्दावरून झालेल्या गोंधळाचाही वाटा होता. बोलण्यातल्या मालवणी हेलाची काळजी करू नये, त्याने कोणाचेही अडत नाही. अडते ते घाईमुळे. बटण दाबल्यावर अर्धा क्षण थांबून मग बोलावे, आणि दाबण्यापूर्वी दुसऱ्याचे बोलणे किंवा त्याला मिळायचे उत्तर बाकी नाही ना, हे ऐकून घ्यावे.

मार्गदर्शक कधी कधी मुद्दाम चूक करायला सांगतात. मग ठरलेली चूक ठरलेल्या वेळी आणि एकदाच करावी. स्क्वॉकचा एक आकडा चुकीचा परत म्हणणे, धावपट्टी 27 ऐवजी 09 म्हणणे किंवा नेमून दिलेल्या उंचीखाली तीनशे फूट सरकणे यांपैकी एखादी चूक पुरेशी असते. उंचीची चूक पकडण्याचा सराव किती आवश्यक आहे हे भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको. 12 नोव्हेंबर 1996 रोजी चरखी दादरीच्या आकाशात 15,000 फुटांवर थांबायला सांगितलेले कझाक विमान त्याखाली उतरले, 14,000 फुटांची परवानगी असलेल्या सौदी विमानावर आदळले आणि 349 जण मृत्युमुखी पडले. इंजिन बंद पडणे किंवा रेडिओ बंद पडून 7600 स्क्वॉक करणे हेही मार्गदर्शकाशी बोलूनच करावे. व्हॅटसिमवर आणीबाणीचे सोंग नियंत्रकाने थांबवायला सांगितल्यास थांबवावे लागते आणि अपहरणाच्या 7500 ला तर पूर्ण मनाई आहे.

विमान कोणते निवडावे, याचा विचार फारसा कोणी करत नाही. वास्तविक सत्र सोपे होणार की अवघड, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते. ए320 सुमारे 140 नॉट्सने येते आणि शेवटचे दहा मैल साधारण सव्वाचार मिनिटांत संपवते. 70 नॉट्सने येणाऱ्या सेस्ना 172 ला त्याच अंतरासाठी साडेआठ मिनिटे लागतात. पहिल्यांदा टॉवरवर बसणाऱ्यासाठी सेस्नाने धावपट्टीभोवती हजार फुटांवर सर्किट मारत राहावे, म्हणजे थोड्या वेळात त्याला अनेक परवानग्या द्यायला मिळतात. त्याचा हात बसल्यावर एखादे जेट सेस्नाच्या मागे लावावे. मग सेस्नाला ऑर्बिट (जागेवरच एक घिरटी) द्यायचा की जेटचा वेग उतरवायचा, हा निर्णय त्याला घ्यावाच लागतो.

काही सराव वेगळ्या प्रशिक्षण-सर्व्हरवर होतात. त्याला स्वेटबॉक्स म्हणतात. तेथे कॉकपिट नसते. एकच स्वयंसेवक युरोस्कोप या रडार-प्रणालीत आज्ञा टाइप करून अनेक विमाने हलवतो आणि सगळ्यांच्या वतीने बोलतो. सुरुवातीला चारच विमाने घ्यावीत आणि प्रत्येकाचे कॉलसाइन व शेवटची सूचना वहीत टिपून ठेवावी, नाहीतर एकाला दिलेले हेडिंग दुसऱ्याला लागते.

सत्र संपल्यावर अभिप्राय मार्गदर्शकाला द्यावा, शिकाऊ नियंत्रकाला त्याने विचारले तरच. आपली वेळ नोंदवण्यापेक्षा झुलू वेळ (जागतिक प्रमाण वेळ) लिहावी, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करावेत. "सूचना थोड्या उशिरा येत होत्या" या वाक्यावरून कोणाला काही शोधता येत नाही. "1542 झुलू, डाउनविंड संपला तरी उतरण्याचा क्रमांक सांगितला नव्हता, बेसवर वळल्यावर सांगितला" असे लिहिले (डाउनविंड हा सर्किटचा धावपट्टीला समांतर भाग, बेस हा त्यापुढचा), तर मार्गदर्शक ध्वनिमुद्रण नेमके तेथे उघडतो आणि त्या क्षणी मुलाचे लक्ष कोणत्या विमानाकडे होते ते त्याच्यासोबत पाहतो.