रेटिनॉल मानवत नाही? आधी या चुका तपासा

सुरकुत्या आणि डागांसाठी रेटिनॉल आणलं, सलग चार रात्री लावलं, पाचव्या दिवशी नाकाच्या कडेला पापुद्रे सुटले, नेहमीचा फेसवॉशसुद्धा गालांवर चुरचुरायला लागला आणि बाटली कपाटात मागे गेली. ‘मला नाही मानवत’ हा निकाल बहुतेक वेळा असा आठवड्याभरात लागतो. खरोखर न मानवणारी त्वचा असते, नाही असं नाही. पण पहिल्याच महिन्यात हात टेकणाऱ्या बऱ्याच जणांच्या बाबतीत दोष घाईचा असतो, आणि त्या घाईमागे एक हट्टी समजूत असते: चेहरा भगभगतोय म्हणजे गुण येतोय.

या समजुतीला उत्तर बरंच जुनं आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर ट्रेटिनॉइनची दोन प्रमाणं ४८ आठवडे वापरून पाहिली होती, ०.०२५ टक्के आणि त्याच्या चौपट म्हणजे ०.१ टक्का. सुधारणा दोन्हीकडे जवळपास सारखी झाली. लाली आणि सालं निघणं मात्र ०.१ टक्केवाल्यांच्या वाट्याला स्पष्टपणे जास्त आलं. म्हणजे जळजळ वेगळी आणि गुण वेगळा. ट्रेटिनॉइन हे रेटिनॉलचं थोरलं भावंड, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं. त्याच्या बाबतीत जे खरं, ते सौम्य रेटिनॉलच्या बाबतीत विसरायचं कारण नाही.

दोघांचं नातं समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्वाचं एक रूप. त्वचेत शिरल्यावर त्याचं आधी रेटिनाल्डिहाइड होतं आणि मग रेटिनॉइक अ‍ॅसिड. पेशींना कामाला लावतं ते हे शेवटचं रूप: वरच्या थरातल्या पेशींची उलाढाल वाढते, खालच्या थरात त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजन हे प्रथिन बनायला चालना मिळते. ट्रेटिनॉइन म्हणजे तेच रेटिनॉइक अ‍ॅसिड, आयतं. रेटिनॉलला दोन पायऱ्या चढाव्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर थोडं वाया जातं, म्हणून ते सौम्य आणि संथ. रेटिनिल पाल्मिटेट त्याच्याही एक पायरी मागे. बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘रेटिनॉल’ लिहिलंय, पण घटकांच्या यादीत फक्त पाल्मिटेट आहे, असं असेल तर फारशा अपेक्षा ठेवू नका.

टक्क्यांच्या मागे धावणं

सुरुवातीला ०.१ ते ०.३ टक्के पुरेसं असतं. १ टक्का ‘लवकर फरक पडावा’ म्हणून घेणारे लोक सहसा लवकर सोडून देतात. युरोपीय संघाने तर २०२४ मध्ये चेहऱ्याच्या क्रीमसाठी ०.३ टक्क्यांची कमाल मर्यादाच ठरवली. तिचं मुख्य कारण चेहरा सोलवटणं नाही. आहार आणि सौंदर्यप्रसाधनं मिळून शरीरात जाणारं एकूण अ जीवनसत्त्व जास्त होऊ नये, हा त्यामागचा विचार आहे. पण नवख्याला त्यातून आपोआप एक चांगली खूण मिळते.

आकडा वाचताना एक खाचखळगा आहे. ‘रेटिनॉल कॉम्प्लेक्स ५ टक्के’ असं लिहिलेलं असतं तेव्हा तो आकडा तेल, स्थिर ठेवणारे घटक आणि रेटिनॉल या सगळ्या मिश्रणाचा असू शकतो. शुद्ध रेटिनॉल त्यात अगदी थोडं असेल. ज्या कंपनीने नुसत्या रेटिनॉलची टक्केवारी स्पष्ट दिली आहे तिचं उत्पादन घेतलेलं बरं, म्हणजे पुढे प्रमाण वाढवायचं झालं तर कुठून कुठे चाललोय ते कळतं.

पहिल्या दिवसापासून रोज

सगळ्यात जास्त चेहरे इथे बिघडतात. त्वचेला रेटिनॉलची सवय व्हायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. त्या काळात थोडा कोरडेपणा, हलके पापुद्रे, किंचित लाली हे धरून चालायचं. रोज लावलं तर आदल्या रात्रीचा त्रास निवायच्या आत दुसरा थर पडतो.

पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री लावा, मध्ये निदान दोन रात्रींचं अंतर ठेवून. सोमवार आणि गुरुवार ठरवून टाकले की हिशेब ठेवावा लागत नाही. काही त्रास नसेल तर मग एक दिवसाआड. तिथून रोजवर जायचं की नाही, हे तुमच्या त्वचेवर सोडा. जायलाच हवं असं मुळीच नाही. २००७ च्या एका अभ्यासात सरासरी ८७ वर्षं वयाच्या व्यक्तींच्या एका दंडावर ०.४ टक्के रेटिनॉलचं लोशन आणि दुसऱ्यावर बिनरेटिनॉलचं लोशन २४ आठवडे लावलं होतं, तेही आठवड्यातून जास्तीत जास्त तीनदा. रेटिनॉलच्या बाजूच्या बारीक सुरकुत्या कमी झाल्या. आठवड्याला तीन रात्रींवर कायमचं थांबलात तरी काही बिघडत नाही.

किती, कुठे आणि कशावर

अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरतं. खरंच पुरतं. कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर ठिपके देऊन पसरायचं. सीरम पातळ असेल तर ड्रॉपरने दोन-तीन थेंब. बाकीचं काम मॉइश्चरायझरचं आहे.

चेहरा धुतल्या धुतल्या, ओलसर असतानाच लावणं ही दुसरी सवय मोडा. ओलावा धरून ठेवणाऱ्या हायलुरॉनिक अ‍ॅसिडसाठी ओली त्वचा चांगली, म्हणून लोक तोच नियम इकडे लावतात. ओलसर त्वचेतून रेटिनॉल जास्त आणि भरभर आत जातं, आणि चुरचुर वाढते. टिपून कोरडं करा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या.

डोळ्यांच्या पापण्या, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांचे कोपरे: पापुद्रे निघायला सुरुवात याच जागांपासून होते, कारण तिथली त्वचा पातळ असते किंवा सीरम तिथल्या घडीत साचतं. रेटिनॉलच्या आधी या जागांवर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवून ठेवा. पापण्यांवर तर रेटिनॉल नकोच. डोळ्यांखाली लावायचं असेल तर हाडाच्या कडेपर्यंतच, तेही बाकीचा चेहरा सरावल्यानंतर. वेगळ्या रेटिनॉल आय क्रीमची फारशी गरज असते असं मला वाटत नाही. एकाच चेहऱ्यावर दोन रेटिनॉल कशाला?

त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल, वरून पुन्हा मॉइश्चरायझर असे तीन थर द्या. यामुळे जोर थोडा कमी होतो, अशी तक्रार ऐकू येते. होत असेल. पहिल्या दोन महिन्यांत तो थोडा कमीच हवा असतो.

बाकीच्या बाटल्या तशाच चालू

रेटिनॉलवर खापर फुटतं तेव्हा बाथरूमची फळी तपासावी. सकाळी सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश, रात्री ग्लायकॉलिक टोनर, आठवड्यातून एकदा स्क्रब आणि त्यात आता रेटिनॉल. असा चेहरा लाल होणार नाही तर काय होणार? सराव होईपर्यंत ग्लायकॉलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक ही अ‍ॅसिडं बंद ठेवा. नंतर हवी असतील तर रेटिनॉल नसलेल्या रात्री, आठवड्यातून एखाद वेळ. व्हिटॅमिन सी सकाळी वापरत असाल आणि चुरचुरत नसेल तर चालू द्या. मुरुमांवरचं बेन्झॉइल पेरॉक्साइड सकाळी आणि रेटिनॉल रात्री अशी फाळणी करा. दोन्ही मिळून त्वचा फार कोरडी पडते. त्वचेचा वरचा थर सावरणाऱ्या नायसिनामाइड आणि सेरामाइड यांचं रेटिनॉलशी छान जमतं.

पापुद्रे निघताहेत म्हणून घासून काढणं हा तर आगीतून फुफाट्यात जाण्याचा प्रकार. ते सुटे मेलेले थर नसतात. अर्धवट चिकटलेली, अजून कामात असलेली त्वचा असते. मॉइश्चरायझर लावा आणि हात लांब ठेवा. वॅक्सिंगचंही तसंच: चेहऱ्यावर वॅक्स करायचं असेल तर आठवडाभर आधी रेटिनॉल थांबवा, नाहीतर केसांबरोबर कातडीही निघते आणि मागे डाग राहतो.

डागांसाठी आधीपासून एखादी क्रीम चालू असेल तर तिची ट्यूब नीट वाचा. डाग फिकट करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशा तिघांचं मिश्रण असलेल्या क्रीम असतात. तिच्या जोडीला रेटिनॉल म्हणजे रेटिनॉइडचा, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातल्या घटकांचा, दुहेरी मारा. आणि स्टेरॉइडची क्रीम बरेच महिने लावलेली असेल तर ती आपल्या मनाने एकदम बंदही करू नका. ती कशी सोडायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

सनस्क्रीनला सुट्टी

रेटिनॉल रात्री लावायचं, कारण उजेडात ते स्वतःच निकामी होतं. पण त्याचा परिणाम दिवसाही असतो: सुरुवातीच्या काळात त्वचेचा वरचा थर नाजूक झालेला असतो आणि ऊन जास्त झोंबतं. एसपीएफ ३० किंवा अधिकचं सनस्क्रीन रोज, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. हे जमणार नसेल तर रेटिनॉल सुरूच करू नका. सुरकुत्या मुख्यतः उन्हाने येतात. रात्री दुरुस्ती करून दिवसा मोडतोड चालू ठेवण्यात काय हशील?

गव्हाळ आणि सावळ्या त्वचेसाठी हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा. अशा त्वचेवर कुठलाही दाह झाला की तो निवल्यावर काळपट डाग मागे राहतो, कधी कधी महिनोन्‌महिने. डाग घालवायला आणलेल्या रेटिनॉलने नवे डाग पडतात ते असे.

हे पुरळ आहे, दाह आहे की अ‍ॅलर्जी?

सुरू केल्यावर चेहरा बिघडला तर आधी नेमकं काय झालंय ते ओळखा, कारण तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

नेहमी जिथे मुरुमं येतात तिथेच बारीक फोड वाढले, लवकर पिकून लवकर बसले, तर आत अडकलेली छिद्रं मोकळी होत असण्याची शक्यता आहे. यालाच पर्जिंग म्हणतात. सहा ते आठ आठवड्यांत ते ओसरायला हवं. कधीच मुरुमं न येणाऱ्या जागी मोठ्या, दुखऱ्या गाठी यायला लागल्या तर त्याला पर्जिंग म्हणून धीर धरत बसू नका. क्रीमचा तेलकट आधार छिद्रं बुजवत असेल, किंवा मुरुमांचं कारणच दुसरं असेल.

सगळा चेहरा ताणल्यासारखा, चकचकीत लाल आणि साधं पाणी लागलं तरी झोंबतंय, हा दाह. रेटिनॉल बंद, अ‍ॅसिडं बंद, व्हिटॅमिन सीसुद्धा बंद. सौम्य क्लिन्झर, बिनसुगंधाचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढ्यावर चेहरा राहू द्या. पाणी झोंबायचं थांबलं की त्यानंतरही आठवडाभर थांबा. मग पूर्वीच्या निम्म्या वेळा, तीन थरांच्या पद्धतीने पुन्हा सुरू करा. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर प्रमाण कमी करा किंवा उत्पादन बदला. कधी कधी त्रास त्यातल्या सुगंधाचा किंवा अल्कोहोलचा असतो.

खूप खाज, सूज, पित्तासारख्या गांधी किंवा पाण्याचे बारीक फोड हे अ‍ॅलर्जीचं लक्षण. इथे सराव वगैरे काही नसतो. लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. एक्झिमा किंवा रोझेशिया (चेहरा वारंवार लाल होण्याचा विकार) आधीपासून असलेल्यांनी तर पहिली बाटली घेण्याआधीच विचारावं.

गरोदरपण आणि ‘नैसर्गिक पर्याय’

गरोदर असताना किंवा मूल होण्याचा विचार चालू असताना रेटिनॉल नको. अ जीवनसत्त्वाच्या कुळातल्या पोटात घेण्याच्या आयसोट्रेटिनॉइनसारख्या औषधांनी गर्भात गंभीर व्यंगं होतात हे सिद्ध आहे. त्वचेतून रक्तात जाणारं प्रमाण अगदी कमी असतं, तरी डॉक्टर इथे धोका पत्करत नाहीत, आणि तेच योग्य आहे. दिवस गेल्याचं कळण्याआधी लावलं गेलं असेल तर घाबरून जाऊ नका. थांबवा आणि पुढच्या तपासणीच्या वेळी सांगा.

बाकूचिऑल हा सौम्य पर्याय म्हणून सांगितला जातो. २०१९ साली ४४ जणांवरच्या एका अभ्यासात १२ आठवड्यांनी दिवसातून दोनदा लावलेलं ०.५ टक्के बाकूचिऑल आणि रात्री लावलेलं ०.५ टक्के रेटिनॉल यांचा परिणाम जवळपास सारखा दिसला होता. अभ्यास छोटा आहे, पण रेटिनॉल अजिबात न झेपणाऱ्यांनी करून पाहायला हरकत नाही. इथे एक धोक्याची चूक मात्र होते. बाकूचिऑल बावचीच्या बियांपासून मिळतं, म्हणून काही जण सरळ बावचीचं तेल चेहऱ्याला चोळतात. त्या तेलात सोरालेन असतात आणि ते उन्हात त्वचा भाजवतात. शुद्ध केलेलं बाकूचिऑल आणि बावचीचं तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फरकच दिसत नाही

आधी बाटलीकडे पाहा. हवा आणि उजेड दोन्ही रेटिनॉल खराब करतात. पारदर्शक काचेची बाटली किंवा रोज झाकण उघडून बोट घालायची डबी असेल तर शेवटच्या महिन्यांत तुम्ही नुसतं मॉइश्चरायझरच लावत असाल. अपारदर्शक, हवा न जाणारा पंप किंवा ट्यूब घ्या, गार आणि अंधाऱ्या जागी ठेवा. रंग गडद होत गेला, वास बदलला की टाकून द्या.

मग दिनदर्शिका पाहा. पोत आणि उजळपणातला फरक १२ आठवड्यांच्या आसपास दिसतो, बारीक सुरकुत्यांना सहा महिनेही लागतात. आरशात रोज शोधण्यापेक्षा महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढा. सहा महिने नियमित लावून, सनस्क्रीन न चुकवता काहीच हललं नसेल, तर जास्त टक्क्यांच्या रेटिनॉलवर पैसे घालण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि ट्रेटिनॉइन किंवा त्याच कुळातल्या अ‍ॅडापॅलीनबद्दल विचारा. जाताना सध्या वापरत असलेल्या प्रत्येक बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून न्या.