आधी तळी, मग मारा: केनियाला जायचं मनात असेल तर

एकतीस वर्षं मी सातवी-आठवीच्या मुलांना भूगोल शिकवला. फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढायचा, पूर्वेच्या बाजूने एक लांब चीर ओढायची आणि शेजारी लिहायचं, ‘खचदरी’. ती चीर डोळ्यांनी पाहिली निवृत्तीनंतर. नैरोबीहून निघाल्यावर तासाभरात रस्ता एकदम कड्यावर येतो आणि खाली जमीनच नसल्यासारखी दरी पसरते. मी गाडी थांबवायला सांगितली आणि बराच वेळ नुसती उभी राहिले.

आजवर दोनदा जाऊन आले. पहिली सहल फसली, दुसरी मनासारखी झाली. फसली ती आखणीमुळे. सहा दिवसांत अंबोसेली अभयारण्य, नैवाशा आणि नाकुरू ही तळी आणि मसाई माराचं गवताळ रान असा कार्यक्रम एका सहल कंपनीने हातात दिला आणि नकाशावर सगळं बोटभर अंतरावर दिसतं म्हणून आम्ही होकार दिला. अंबोसेली तिकडे दक्षिणेला टांझानियाच्या सीमेवर, नाकुरू नैरोबीच्या वायव्येला. जवळजवळ रोज पाच-सहा तास रस्त्यावर गेले. प्राणी दिसले, पण पाहिले असं म्हणवत नाही.

म्हणून माझं सांगणं असं: नैरोबीत एक रात्र, नैवाशाला दोन, नाकुरूला एक, मारात तीन. अंबोसेली सोडा. हत्तींच्या मागे किलिमांजारो दिसतो, तो मोह मोठा आहे, पण त्यासाठी वेगळं जावं. क्रमही हाच ठेवा. तळ्यांवर डोळा तयार होतो, पक्षी बघता बघता थांबायची सवय लागते आणि मग मारात तिचा उपयोग होतो. आधी मारा पाहून आलेली माणसं तळ्याकाठी चुळबुळ करतात.

कागदपत्रांत सगळ्यात महत्त्वाची पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची, लस. केनियाहून परतताना तिचा दाखला नसेल तर भारतात विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. दाखला आता आयुष्यभर चालतो. साठी ओलांडली असेल तर मात्र आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, या वयात ही लस विचार करून देतात. हिवतापाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या. केनियाला व्हिसा लागत नाही, 2024 पासून ऑनलाइन प्रवास परवाना काढावा लागतो. तो निघायच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नका.

महिना कोणता? न्युंबूंचे, म्हणजे विल्डबीस्टचे, मोठे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात. गर्दीही तेव्हाच, आणि प्रवेशशुल्कही. 2024 पासून परदेशी माणसाला माराचे दिवसाला जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर पडतात. सहलीचा भाव विचारताना ‘यात प्रवेशशुल्क धरलंय का?’ हा प्रश्न पहिला विचारा. कळपांचा हट्ट नसेल तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे तिथे पावसाचे, ते टाळा. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, त्यामुळे कारण मला लगेच कळलं. माराच्या बऱ्याच भागात आपल्या कपाशीच्या रानातली काळी माती आहे, तिथले ड्रायव्हरही तिला ‘ब्लॅक कॉटन सॉइल’च म्हणतात. पावसात ती चाकाला कशी धरते हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. गाडी लँड क्रूझरच मागा, वर उघडणाऱ्या छताची, आणि प्रत्येकाला खिडकी मिळेल इतकीच माणसं घ्या.

सामानाचं थोडक्यात. विषुववृत्त म्हणून सुती कपडे भरू नका. नैरोबी सुमारे 1,800 मीटर उंचीवर आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच. जुलैतल्या पहाटे उघड्या छताच्या गाडीत स्वेटर, कानटोपी आणि शाल तिन्ही लागलं. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे 2017 पासून बंदी आहे आणि अभयारण्यांत 2020 पासून एकदाच वापरायच्या बाटल्याही चालत नाहीत. मी चिवडा आणि शंकरपाळे स्टीलच्या डब्यांत नेले, कपडे जुन्या उशीच्या अभ्र्यांत. दुर्बीण दरडोई एक हवीच. सिंहीण मान वळवते तो क्षण दुर्बीण एकमेकांकडे देण्यात निघून जातो.

एक वस्तू घरी करून न्या. जुन्या जीन्सचा एक पाय कापून मी पिशवी शिवली आणि रिकामीच नेली. नैवाशाच्या बाजारात दोन किलो ‘महारागे’ म्हणजे राजमा घेऊन ती भरली. छताच्या कडेवर ही पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा किंवा दुर्बीण टेकवली की हात थरथरत नाही.

नैवाशाचं पाणी गोडं आहे. वरून बाहेर पडणारी एकही नदी नसताना तळं खारं का होत नाही? पाणी जमिनीखालून झिरपून जातं म्हणून. शेजारची नाकुरू, एलमेंटाइटा, बोगोरिया ही तळी मात्र खारी. एवढं एक लक्षात ठेवलं तर कुठे कोणता पक्षी भेटेल ते आपोआप उलगडतं. नैवाशाला होडीतून सकाळी लवकर जा, वारा पडलेला असतो. पाणघोड्यांपासून होडी लांब ठेवायला स्वतःहून सांगा, जवळ नेण्याचा आग्रह कधीच करू नका. रात्री हेच पाणघोडे चरायला हिरवळीवर येतात. जेवणानंतर खोलीपर्यंत सोडायला अस्कारी, म्हणजे राखणदार, बॅटरी घेऊन येतो, त्याच्याशिवाय दहा पावलंही चालू नका. दुसऱ्या दिवशी क्रेसंट आयलंडवर गेलो. तिथे सिंह-बिबटे नाहीत म्हणून पायी फिरता येतं. जिराफ झाडाएवढा असतो हे मी किती वर्षं शिकवलं होतं, पण त्याच्या पायाशी उभं राहून वर पाहिलं तेव्हा माझी जाऊबाई माझा हात घट्ट धरून होती.

नाकुरूला जाताना मनातलं जुनं चित्र पुसून जा. रोहितांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, थव्यांनी गुलाबी झालेला काठ म्हणून जे फोटो आपण पाहिलेत ते आता तिथे नेहमी दिसत नाहीत. 2010 नंतर तळ्याचं पाणी वाढत गेलं, जुनं प्रवेशद्वारही पाण्यात गेलं, काठाची झाडं पाण्यात उभी वाळली. पाणी वाढलं तसा खार पातळ झाला, धाकटा रोहित ज्या सूक्ष्म शेवाळावर जगतो ते कमी झालं आणि थवे बोगोरियाकडे वळले. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या रोहितांच्या दोन्ही जाती इथेही आहेत. गडद चोचीचा तो धाकटा, गुलाबी चोचीला काळं टोक असलेला तो थोरला. मुंबईकरांनी जायच्या आधी खाडीवर हे ओळखायचा सराव करावा. नाकुरूला जायचं ते गेंड्यांसाठी. पांढरे आणि काळे दोन्ही तिथे आहेत. रंगावरून नाही, तोंडावरून ओळखा. गवत चरणाऱ्या पांढऱ्याचा ओठ रुंद, सपाट असतो, तर झुडपं खाणाऱ्या काळ्याचा टोकदार. बबून माकडं दिसली की काचा वर घ्या आणि डबे लपवा.

आता मारा. ताडोब्यात सवय असते ती ठरलेल्या वेळेत धावपळ करून वाघ शोधायची. इथे डबा घेऊन दिवसभर आत राहता येतं, ती सोय वाया घालवू नका. आमच्या ड्रायव्हरना सगळे ‘म्झे’ म्हणायचे, वडीलधाऱ्या माणसासाठीचा तो शब्द. पहिल्याच सकाळी मी त्यांना सांगितलं, आम्हाला यादी पुरी करायची नाही, एका जागी थांबायला आवडेल. त्यांचा चेहरा खुलला. वायरलेसवर बिबट्या दिसल्याची खबर आली तरी आम्ही हललो नाही. एका मादी चित्त्यापाशी तीन पिल्लं होती, आई वारुळावर चढून क्षितिज न्याहाळत होती. प्राण्यापाशी एका वेळी पाचच गाड्या, 25 मीटर अंतर, आणि दुसरे वाट पाहत असतील तर दहा मिनिटांत जागा सोडायची, असे नियम आहेत. आम्ही मागे सरकलो आणि लांबून दुर्बिणीने दोन तास पाहिलं. शिकार करायला तिला मोकळं रान लागतं. गाड्यांचा वेढा पडला तर पिल्लं उपाशी राहतात, म्हणून ड्रायव्हरला ‘अजून जवळ’ असं कधीही म्हणू नका.

मारा नदीकाठीही तेच. चार तास बसलो. न्युंबू नदी ओलांडायला काठापर्यंत यायचे, पुढचा एक थबकायचा आणि अख्खा कळप धूळ उडवत मागे फिरायचा. त्या दिवशी ते उतरले नाहीत.

बायकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण मला कोणी सांगितली नव्हती. दिवसभर गाडीत राहायचं म्हणून पाणी पिणं बंद करू नका. ड्रायव्हर आधी जागा नीट तपासतात आणि गाडीचा आडोसा करून देतात. संकोच न करता सांगा, पण त्यांनी सांगितल्याशिवाय उतरू नका.

भाषेची भीती नको. गाडीला स्वाहिलीत ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, चहाला ‘चाय’, विम्याला ‘बिमा’. ‘हबारी?’ म्हणजे काय खबर, ‘असांते साना’ म्हणजे खूप आभार. एवढ्यावर समोरचा हसतो. शाकाहाऱ्यांना चपाती आणि गिथेरी, म्हणजे मका-राजम्याची उसळ, जवळपास सगळीकडे मिळते.

शेवटच्या संध्याकाळी पिशवीतला राजमा मी माराच्या तंबूंतल्या स्वयंपाकघरात देऊन टाकला आणि मोकळी पिशवी बॅगेत भरली. तुम्हीही तसंच करा, परतीच्या विमानात दोन किलो वजन वाचतं.