म्हाताऱ्या गिनीपिगला धाप लागली तर काय करावं

गिनीपिग साधारण पाच ते आठ वर्षं जगतो. चार-साडेचार वर्षं ओलांडली की तो ज्येष्ठ झाला असं धरून चालावं. या वयात त्याच्या श्वासाला आवाज येऊ लागला की घरात कुणीतरी म्हणतंच, "आता वय झालं त्याचं." मला या वाक्याची फार भीती वाटते, कारण ते ऐकून माणसं दोन-चार दिवस वाट बघतात. वयामुळे हालचाल मंदावते, झोप वाढते, मागच्या पायांतला जोर कमी होतो. श्वासाची घरघर किंवा धाप मात्र नुसत्या वयामुळे लागत नाही. फुप्फुसं, हृदय, दात, पोट यांपैकी कशात तरी बिघाड झालेला असतो. त्यातले बरेच बिघाड औषधाने आटोक्यात येतात, पण त्याच दिवशी हालचाल केली तर.

हा शिकार होणारा प्राणी आहे, त्यामुळे दुखणं लपवण्यात तरबेज. तुम्हाला लक्षण दिसलं याचा अर्थ आजार बराच आधी सुरू झालेला आहे.

१. आधी ठरवा: आत्ताच निघायचं आहे का?

गिनीपिग नाकाने श्वास घेतो. तो तोंड उघडून श्वास घेताना दिसला तर ती शेवटच्या टप्प्यातली धडपड असते. हिरड्या, ओठ किंवा पावलांचे तळवे निळसर-जांभळे होणं, मान पुढे ताणून बसणं, प्रत्येक श्वासाला सगळं अंग हलणं, एका कुशीवर पडून राहणं, पोट फुगून टणक होणं, यांतलं काहीही दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा. दवाखान्यात फोन करा, तिथे ऑक्सिजनची सोय आहे का ते विचारा आणि निघा.

यांतलं काही नसेल आणि तो थोडंफार खात असेल, तर पुढच्या तीन गोष्टींना दहा मिनिटं द्या. डॉक्टरांना त्यांचा मोठा उपयोग होतो.

२. श्वास मोजा

शांत बसलेल्या गिनीपिगचे श्वास मिनिटाला ४० ते १०० असतात. इतक्या वेगाने हलणारी कूस नुसत्या डोळ्यांनी मोजणं अवघड जातं, म्हणून मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. तो संथ गतीने चालवून पंधरा सेकंदांतले श्वास मोजा आणि चाराने गुणा. उचलल्यावर किंवा घाबरल्यावर श्वास आपोआप वाढतात, तेव्हा पिंजऱ्यात हात न घालता, लांबून चित्रीकरण करा.

आकड्याइतकीच श्वासाची पद्धतही महत्त्वाची. कुशी आत खेचल्या जातात का? नाकपुड्या फाकतात का? हा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवायला जपून ठेवा, कारण दवाखान्यातल्या टेबलावर घाबरलेला गिनीपिग वेगळाच वागतो.

तुमचा गिनीपिग आज ठणठणीत असेल, तरी आजच एकदा मोजून कुठेतरी लिहून ठेवा. त्याचा नेहमीचा आकडा ५५ असेल, तर ९० हा आकडा पुस्तकातल्या मर्यादेत बसूनही त्याच्यासाठी वाईट असतो.

३. आवाज ऐका, नाक-डोळे बघा

गिनीपिग खुशीत असताना गुरगुरतो, खाण्याची पिशवी वाजली की चित्कारतो. हे आवाज तुमच्या ओळखीचे असतील. काळजीचे आवाज श्वासाच्या लयीत येतात: चिकट चुरचुर, शिट्टीसारखा बारीक सूर, ओली घरघर. टॉवेलात हलकेच धरून त्याच्या बरगड्यांशी कान लावला तर ते स्पष्ट ऐकू येतात. काही म्हाताऱ्या गिनीपिगांना हुंकारासारखा आवाज अधूनमधून येतो आणि थांबतो. तो वारंवार येत असेल, तर डॉक्टरांना हृदय तपासायला सांगावं.

दिवसाकाठी एखाद-दुसरी शिंक चालते. नाकाभोवती ओलसरपणा किंवा खपली, डोळ्यांत चिपडं, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला चिकटलेले केस (तो नाक तिथे पुसतो) ही संसर्गाची खूण समजावी. डोळ्यांतून मधूनच येणारा दुधासारखा पांढरा थेंब मात्र नेहमीचाच. त्याने तो तोंड धुतो.

४. वजन करा

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरेसा आहे. प्रौढ गिनीपिग साधारण ७०० ते १२०० ग्रॅम भरतो. आठवड्यात ५० ग्रॅम उतरले तर लक्ष द्या. वजनाचा दहावा हिस्सा गेला असेल, तर तेवढ्या एकाच कारणासाठीही दवाखाना गाठा. ज्येष्ठ प्राण्याचं वजन दर आठवड्याला करावं, कारण केसांच्या गुबगुबीतपणाखाली झालेला हडकुळेपणा डोळ्यांना दिसत नाही.

५. काय झालेलं असू शकतं

निदान डॉक्टर करतील. तुम्हाला शक्यता माहीत असल्या म्हणजे प्रश्न नीट विचारता येतात.

सगळ्यात जास्त आढळतो तो न्यूमोनिया. बोर्डेटेला आणि स्ट्रेप्टोकॉकस हे त्याचे नेहमीचे जंतू. बोर्डेटेला सशांच्या आणि कुत्र्यांच्या श्वासमार्गात त्यांना फारसा त्रास न देता राहतो आणि गिनीपिगला मात्र जिवावर बेततो. ससा आणि गिनीपिग एका पिंजऱ्यात ठेवू नयेत, याचं हे मोठं कारण.

वय वाढलं की हृदयाचे आजार येतात. हृदय कमजोर झालं की फुप्फुसांत किंवा छातीत पाणी साठतं, तो लवकर दमतो, खायला उठतो आणि दोन घास घेऊन बसतो. नाक-डोळे कोरडे, शिंका नाहीत, तरीही धाप, असं चित्र असेल तर हृदयाचा विचार आधी व्हावा. फुप्फुसातल्या गाठीही म्हाताऱ्या गिनीपिगांत आढळतात.

छातीबाहेरची कारणं बरेचदा सुटून जातात. वरच्या दाढांची मुळं वाढून नाकाची वाट दाबतात. गवताची काडी नाकात अडकते. पोटात वायू भरला की छाती आणि पोट यांमधला पडदा छातीकडे ढकलला जाऊन श्वास उथळ होतो. वयस्क मादीत अंडाशयाच्या मोठ्या गाठींनीही तेच होतं. आणि उन्हाळ्यात उष्माघात. या प्राण्याचे पूर्वज अँडीज पर्वतातल्या थंड पठारांवरचे. त्याला १८ ते २४ अंश सेल्सियस मानवतं आणि २७-२८च्या पुढे धोका सुरू होतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेला पिंजरा त्याला पुरत नाही.

६. दवाखान्यात नेईपर्यंत

खोली थंड आणि शांत ठेवा. त्याला पोटावर, चारही पायांवर बसू द्या. उताणा कधीही धरू नका. अंघोळ घालू नका. निलगिरी, कापूर किंवा बाम घातलेली वाफ देऊ नका, त्या उग्र वासाने श्वासमार्ग आणखी चिडतो. घरातलं लहान मुलांचं खोकल्याचं औषधही नको. धाप जोराची असेल तर सिरिंजने पाणी किंवा अन्न पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

नेताना झाकणाची हवेशीर पेटी घ्या, खाली टॉवेल, सोबत त्याचं नेहमीचं गवत आणि काकडीची फोड. जोडीदार असेल तर त्यालाही सोबत न्या. तो आजाऱ्याला शांत ठेवतो, आणि संसर्ग असेल तर त्याचीही तपासणी होते. उन्हाळ्यात भर दुपारी रिक्षाने जाणं टाळा. नाइलाज असेल तर गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पेटीच्या एका बाजूला ठेवा.

कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गावोगावी आहेत, गिनीपिग नेहमी बघणारे मोजके. त्यांचा शोध प्राणी आजारी पडण्याआधीच घ्यावा. मुंबईत परळ, तसंच नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मोठ्या शहरांपासून लांब राहणाऱ्यांनी तिथेही चौकशी करावी.

७. डॉक्टरांशी काय बोलावं

या लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल, तर ते हे असू द्या. अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, सेफालेक्सिन ही प्रतिजैविकं कुत्र्याला चालतात, माणसाला चालतात, गिनीपिगला मारू शकतात. त्याच्या आतड्यातले पचनाचे उपयुक्त जंतू त्यांनी मरतात, घातक जंतू माजतात, आणि न्यूमोनियातून वाचलेला जीव जुलाबाने जातो. म्हणून औषध लिहून दिलं की नाव वाचा आणि सरळ विचारा, "हे गिनीपिगला सुरक्षित आहे ना?" चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. एन्रोफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा, डॉक्सिसायक्लिन ही त्याच्यासाठी नेहमी वापरली जाणारी नावं. मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे यांपैकी कोणतंही औषध स्वतःहून सुरू करू नये.

एक्स-रे काढायचा असेल, तर फार धाप लागलेल्या प्राण्याला आधी ऑक्सिजन देऊन स्थिर करावं. घाईने आडवं दाबून धरल्याने तो तिथेच जाऊ शकतो. भूल देण्याआधी कुत्र्याला उपाशी ठेवतात तसं याला ठेवायचं नसतं, कारण त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. हृदयाचा संशय असेल तर छातीची सोनोग्राफी, म्हणजे इको, होऊ शकते का ते विचारा. हृदयाची औषधं आणि पाणी कमी करणारी औषधं बहुधा आयुष्यभर द्यावी लागतात, पण त्यांवर काही प्राणी कितीतरी महिने आनंदात काढतात.

८. घरची शुश्रूषा

धाप कमी झाली की खाणं हेच पहिलं औषध. अर्धा-एक दिवस पोट रिकामं राहिलं तरी आतडं थंडावतं. डॉक्टरांनी परवानगी दिली की पेलेट (गिनीपिगचं तयार दाणेदार खाद्य) कोमट पाण्यात भिजवून, गाळून, दर दोन-तीन तासांनी सिरिंजने भरवा. एक किलोच्या प्राण्याला दिवसभरात साधारण ५० ते ८० मिलिलिटर लागतं. सिरिंजचं टोक पुढच्या दातांच्या मागून, बाजूने आत घाला, थेंब-थेंब सोडा आणि त्याने चावून गिळल्यावरच पुढचा. रात्रीचाही एखादा फेरा करावा लागतो. दमवणारं काम आहे, पण याच काळजीवर प्राणी वाचतात.

गिनीपिगचं शरीर क जीवनसत्त्व बनवू शकत नाही. एरवी त्याला रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारात ३० ते ५०. ढोबळी मिरची आणि कोथिंबीर यांतून ते चांगलं मिळतं. पेरूतही भरपूर असतं, पण साखरेमुळे लहानशी फोडच द्या. पूरक औषध दिलं तर ते निव्वळ क जीवनसत्त्वाचं असावं, मल्टिव्हिटॅमिन नको. पाण्याच्या बाटलीत ते घालू नका, लवकर नासतं.

बऱ्याच घरांत मुलांसाठी नेब्युलायझर असतो. डॉक्टर हो म्हणाले तर निव्वळ सलाइनची वाफ पेटीत दहा-पंधरा मिनिटं द्यावी. चिकट कफ सुटायला मदत होते. दोन दिवसांत तरतरीत दिसला तरी प्रतिजैविकाचा कोर्स पूर्ण करा. या काळात वजन रोज, एकाच वेळी.

९. पिंजऱ्याभोवतीची हवा

लघवीतल्या अमोनियाने नाकाची आतली त्वचा सोलवटते आणि जंतूंना वाट मिळते. वाकून पिंजऱ्याजवळ नाक नेल्यावर उग्र वास आला, तर त्याला तो चोवीस तास येतोय. ओली जागा रोज साफ करा. लाकडाचा धुळकट भुसा काढून सुती किंवा फ्लीसचं कापड घाला. पावसाळ्यात गवताला बुरशी येते. कुबट वास आला की ते सगळं गवत फेकून द्या, वरवर झटकून वापरू नका.

उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, मिरचीची फोडणी, दिवाळीतले फटाके, सिगारेट: यांच्या धुरापासून पिंजरा लांबच्या खोलीत हवा. देवघर आणि पिंजरा एकाच खोलीत असतील, तर त्यातलं काय हलवायचं ते तुम्ही ठरवा, पण धूर आणि आजारी फुप्फुस एकत्र नांदू शकत नाहीत.

१०. उपचार कुठे थांबवायचे

औषधं चालू असूनही तो स्वतःहून खात नसेल, वजन घसरतच असेल आणि झोपेतही धाप लागत असेल, तर डॉक्टरांशी दयामरणाबद्दल उघड बोला. गुदमरणं हे फार वेदनेचं मरण आहे. त्यातून त्याला सोडवणं हा त्याच्या काळजीचाच भाग आहे. आधी भूल देऊनच ते करणार ना, हे विचारून घ्या, आणि शक्य असेल तर जवळ थांबा.

मागे राहिलेल्या जोडीदाराला नंतर काही वेळ गेलेल्या सोबत्याजवळ राहू द्यावं. पुढचे दोन आठवडे त्याचंही वजन आणि श्वास रोज तपासा, कारण संसर्ग त्याच्यातही असू शकतो आणि एकटेपणाने त्याचं खाणंही कमी होतं. नवा सोबती आणायचा असेल, तर त्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवूनच मग भेट घडवा.