कुत्र्याला सुई टोचण्याआधी बधिर करणारं मलम कसं लावायचं

रक्त काढायचं किंवा सलाईनची सुई बसवायची असेल, तर लिग्नोकेन आणि प्रायलोकेन (दोन्ही २.५ टक्के) असलेलं मलम कुत्र्याला चांगलं उपयोगी पडतं. मात्र ते जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर आणि त्यांनी ठरवलेल्या मापातच. 'दाताचं जेल चोळा, घशाचा स्प्रे मारा' असले सल्ले ऐकू नका. त्यातल्या काहींत बेन्झोकेन असतं आणि ते कुत्र्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकदच मारतं. गोचीड काढून चिघळलेल्या किंवा फाटलेल्या कातडीवरही हे मलम लावू नका. उघड्या मांसातून औषध झपाट्यानं रक्तात उतरतं.

सुई कुठे टोचणार ते डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या, बहुतेकदा पुढच्या पायाची शीर असते. तेवढेच केस मशीननं काढा, ब्लेड नको. हातमोजे घालून मलमाचा जाड थर ठेवा, चोळू नका.

आता खरी कसोटी. मलमाचा असर व्हायला ४५ मिनिटं ते तासभर जातो आणि तोवर कुत्रं ते चाटणारच. सुरुवातीला मीही इथेच अडायचो. थरावर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म ठेवा, वरून चिकटपट्टी न लावता स्वतःलाच चिकटणारी पट्टी गुंडाळा. पट्टीखाली एक बोट सरकलं पाहिजे. पंजा गार पडला किंवा सुजला तर लगेच सोडा. पश्मी, कारवानसारख्या पातळ कातडीच्या कुत्र्यांना तर पट्टी आवळूच नका. वर गळ्यात कोन (चाटता येऊ नये म्हणून घालायची शंकूसारखी कॉलर) घालाच. आमचं शहाणं आहे म्हणून सोडून देऊ नका, पट्टी फाडायला त्याला दोन मिनिटं पुरतात. कोल्हापुरात राजारामपुरीहून रिक्षानं निघणार असाल तर मलम घरीच लावा, दसरा चौकातली गर्दी हिशेबात धरा आणि वाटेत कुत्रं मांडीजवळ धरा.

दवाखान्यात पट्टी काढून मलम पूर्ण पुसा. कातडी पांढरट पडून शीर दबलेली दिसते, म्हणून पाच-दहा मिनिटं थांबा. डॉक्टर घाई करत असले तरी हे त्यांना सांगा. बधिरपणा कातडीपुरताच असतो, गळू फोडायला किंवा नख काढायला हे पुरत नाही. तिथे भुलीचं इंजेक्शनच मागा.

मलम पोटात गेलं आणि लाळ, उलटी, थरथर, झोकांड्या दिसल्या किंवा हिरड्या तपकिरी-निळसर झाल्या, तर घरी काही पाजत बसू नका. ट्यूब बरोबर घेऊन तडक डॉक्टर गाठा.